इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि मोटरसायकलची प्लास्टिकची टाकी: ओळख, मोजमाप आणि दुरुस्ती

गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, हा सल्ला पत्र्याच्या टाकीसाठी आहे. टाकीत हवा उरली नाही की दमट हवेतले पाणी आतल्या पत्र्यावर जमत नाही आणि गंज धरत नाही. नायलॉनच्या टाकीला मात्र हाच सल्ला सर्वांत जास्त महागात पडतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने भरलेली नायलॉनची टाकी चार-सहा महिने तशीच राहिली, की भिंती आतून इथेनॉल आणि पाणी शोषत राहतात. टाकी फुगते, पुढे सरकते आणि बोल्टची भोके जुळेनाशी होतात. पॉलिथिलिनची टाकीही फुगते, पण वेगळ्या कारणाने, आणि तिच्यावरचा उपाय वेगळा आहे. फायबरग्लासची टाकी फुगण्याआधीच आतून विरघळू लागते. म्हणून टाकी कशाची आहे हे ठरवल्याशिवाय कोणताही उपाय सुरू करू नका. अस्तर, सीलर, पेट्रोलमध्ये टाकायचे द्रव, सगळे त्यानंतर.

टाकी कशाची आहे ते ओळखा

आधी चुंबक लावून पाहा. बऱ्याच गाड्यांवर बाहेरून दिसते ते नुसते प्लास्टिकचे आवरण असते आणि खरी टाकी त्याखाली पत्र्याची असते. झाकणाच्या कड्याभोवती आणि सीटखाली, जिथे टाकीचा अंगभाग उघडा दिसतो, तिथे चुंबक टेकवा. चिकटला तर हा लेख तुमच्या टाकीसाठी नाही. फक्त रबरी भागांबद्दलचा मजकूर वाचा.

चुंबक चिकटला नाही तर टाकी काढून तळाशी पाहा. साच्यातून उठलेली अक्षरे बहुतेक वेळा तिथे सापडतात. पीए, पीए६ असे लिहिलेले असेल तर नायलॉन. पीई, पीई-एचडी किंवा पीई-एक्स असेल तर पॉलिथिलिन. त्रिकोणात २ आकडा म्हणजेही उच्च घनतेचे पॉलिथिलिन. त्रिकोणात ७ असेल तर त्यावरून काही ठरत नाही, कारण त्या आकड्याखाली 'इतर सगळी प्लास्टिके' येतात.

अक्षरे नसतील तर पाण्याची चाचणी करा. टाकीच्या खालच्या, झाकल्या जाणाऱ्या कडेवरून धारदार पात्याने नखाएवढी पातळ चकती तासून घ्या. रंगाचा थर तिच्यावर राहू देऊ नका. साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात ती बुडवून हवेचे बुडबुडे झटका. पाण्याची घनता १ धरली तर पॉलिथिलिनची ०.९४ ते ०.९६ असल्याने ते तरंगते. नायलॉन ६ ची घनता सुमारे १.१४ आहे, ते बुडते. फायबरग्लासही बुडते, पण त्याच्या तासलेल्या कडेला काचेचे धागे दिसतात आणि बोटाला टोचतात.

हाताच्या अनुभवावरूनही बरेच कळते. पॉलिथिलिन मेणचट लागते आणि नखाने ओरखडा उठतो. त्याच्यावर रंग टिकत नाही, म्हणून अशा टाक्या साच्यातच रंगीत बनवतात. मातीच्या रस्त्यांवर धावणाऱ्या गाड्यांच्या मोठ्या टाक्या बहुतेक याच जातीच्या. गुळगुळीत, चकचकीत रंगाची प्लास्टिकची टाकी दिसली तर ती नायलॉनची असण्याची शक्यता मोठी. डुकाटीच्या काही मॉन्स्टर आणि स्पोर्ट क्लासिक मॉडेल्सवर अशाच टाक्या होत्या आणि त्या फुगल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेत सामूहिक दावाही झाला होता.

नायलॉन का फुगते

नायलॉनच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. इथेनॉल आणि पाणी या दोन्हींच्या रेणूंना असेच बंध जोडता येतात. ते साखळ्यांच्या मध्ये शिरतात, जुने बंध सोडवून आपले जोडतात आणि साखळ्या दूर ढकलतात. त्यामुळे टाकी आकाराने वाढते आणि मऊही पडते. नुसत्या पेट्रोलला हे जमत नाही, म्हणून इथेनॉल नसलेल्या पेट्रोलवर याच टाक्या नीट टिकतात.

दहा टक्के इथेनॉल म्हणजे शुद्ध इथेनॉलच्या एक दशांश परिणाम, असा हिशेब इथे चालत नाही. पेट्रोलच्या रेणूंशी इथेनॉलचे फारसे जमत नाही. त्यामुळे ते जिथे बंध जोडायला जागा मिळेल तिकडे, म्हणजे नायलॉनकडे, ओढले जाते. ई१० मध्येही, म्हणजे दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्येही, टाकी चांगलीच फुगू शकते ती यामुळे. शिवाय प्रत्येक वेळी पेट्रोल भरले की ताजे इथेनॉल येतच राहते.

दुसरा भागीदार पाणी. नायलॉन ६ पूर्ण भिजले तर वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी पिते. नायलॉन १२ साधारण दीड टक्काच. इथेनॉल हवेतली ओल पेट्रोलमध्ये खेचून आणते आणि नायलॉनला ती आयती मिळते. ई१० साधारण २० अंश सेल्सिअसला सुमारे अर्धा टक्का पाणी धरून ठेवू शकते, म्हणजे १५ लिटरच्या टाकीत ७५ मिलिलिटरच्या आसपास. तापमान उतरले की ही क्षमता कमी होते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली वेगळा थर करतात. टाकीचा तळ त्या थरात बुडून राहिला तर तो बाकीच्या टाकीपेक्षा जास्त फुगतो, आणि टाकी नुसती मोठी न होता वेडीवाकडी होते. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही घसरलेला असतो. अशा पेट्रोलवर इंजिन ठोके देत असेल तर नवल नाही.

फुगवटा आहे की उन्हाचा ताण, ते मोजा

नजरेने पाहून ठरवू नका. टाकी नवी असताना किंवा कोरडी करून बसवल्यावर चार मापे घेऊन ठेवा:

१. पुढच्या आणि मागच्या बोल्टच्या भोकांमधले अंतर, केंद्रापासून केंद्रापर्यंत.
२. टाकीची सर्वांत रुंद जागा. दोन्ही बाजूंना सरळ पट्ट्या उभ्या धरा आणि मधले अंतर मोजा.
३. टाकीचे नाक आणि स्टीयरिंगच्या मानेचा पाइप यांच्यामधली फट.
४. फ्युएल पंपाच्या तोंडाचा आतला व्यास, वर्नियरने, एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन दिशांना.

प्रत्येक वेळी गाडी सावलीत किमान दोन तास उभी राहिल्यावरच मोजा आणि तापमान लिहून ठेवा. कारण नायलॉनची ५०० मिलिमीटर लांबी २० अंश तापमानवाढीने सुमारे ०.८ मिलिमीटर वाढते, पॉलिथिलिनची जवळजवळ २ मिलिमीटर. थंड सकाळी एक माप आणि तापल्या दुपारी दुसरे घेतले तर फुगवटा नसतानाही दिसेल. खरा फुगवटा १ ते २ टक्के, म्हणजे तेवढ्याच लांबीत ५ ते १० मिलिमीटर असतो. तो तापमानाच्या फरकात लपत नाही.

चौथ्या मापाकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत आणि गळतीची सुरुवात तिथूनच होते. दोन दिशांच्या व्यासांत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक दिसला, तर तोंड लंबगोल झाले आहे. तिथली ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारे रबरी कडे, सगळीकडे सारखी दाबली जात नाही.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, तेही तपासा

'प्रीमियम' पेट्रोल म्हणजे इथेनॉल नसलेले पेट्रोल, असे धरून चालू नका. १०० मिलिलिटरची खुणा असलेली, बूच लागणारी काचेची नळी घ्या. आधी १० मिलिलिटर पाणी ओता. खाण्याचा रंग थोडा टाकला तर थर स्पष्ट दिसतात. वर १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल भरा, म्हणजे ते ९० मिलिलिटर झाले. बूच लावून अर्धा मिनिट हलवा, मधूनमधून बूच सैल करून दाब सोडा, मग दहा मिनिटे स्थिर ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर वाढतो. थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. १९ च्या जवळ गेला तर ९० मध्ये ९, म्हणजे सुमारे १० टक्के. २८ च्या आसपास गेला तर २० टक्के. एक-दोन टक्क्यांची चूक धरा. हे काम उघड्यावर, ठिणगीपासून दूर करा आणि ते पेट्रोल गाडीत परत ओतू नका.

याच पद्धतीने पिंपभर पेट्रोल धुऊन इथेनॉल काढावे, असे काहींच्या डोक्यात येते. ते करू नका. ऑक्टेनचा काही भाग इथेनॉलच देत असते, त्यामुळे उरलेले पेट्रोल इंजिनाला कमी पडते, आणि ते पाण्याने ओले झालेले असते ते वेगळेच. विमानाचे पेट्रोलही पर्याय नाही. त्यात इथेनॉल नसते, पण प्रचलित १०० एलएल प्रकारात शिसे असते आणि ते ऑक्सिजन सेन्सर व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते.

फुगलेली नायलॉनची टाकी कोरडी करणे

फुगवट्याची लक्षणे ठरलेली आहेत. हँडल पूर्ण वळवले की टाकीला घासते किंवा अंगठा चेपतो. मागचा बोल्ट काढला की परत बसत नाही. बाजूची पॅनेल बाहेर येतात, रंगाला फोड येतात, पंपाच्या कड्याभोवती पेट्रोलचा डाग दिसतो. हँडल अडकत असेल तर गाडी चालवणे तिथेच थांबवा. बाकी लक्षणांना थोडा वेळ देता येतो, याला नाही.

पायरी १. बॅटरीची ऋण तार काढण्याआधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग ऋण तार काढा. पेट्रोल हातपंपाने जमिनीवर ठेवलेल्या मान्यताप्राप्त डब्यात काढा. प्लास्टिकच्या टाकीवर स्थिर वीज साठते, म्हणून ड्रिलवर चालणारा किंवा साधा विजेचा पंप वापरू नका.

पायरी २. टाकी उतरवा. बोल्ट अडला असेल तर टोच्याने ठोकू नका. टाकी रबरावरून किंचित उचलून ताण काढा आणि मग बोल्ट फिरवा. मागच्या बोल्टवरच सगळा ताण असतो आणि घाईत प्लास्टिकमध्ये बसवलेला आट्यांचा पितळी इन्सर्ट उपटून येतो.

पायरी ३. झाकण, पंप, पातळीचा सेन्सर, सगळे काढा. पंपाची ओ-रिंग पेट्रोलमध्ये फुगलेली असते आणि एकदा निघाली की खाचेत परत बसत नाही. नवी ओ-रिंग आधीच आणून ठेवा.

पायरी ४. टाकी पाण्याने धुऊ नका. पत्र्याच्या टाकीला हे चालते, पण इथे जे बाहेर काढायचे आहे तेच आत भराल. तोंडे उघडी ठेवून, तोंड खाली करून, मोकळ्या हवेत सावलीत दोन-तीन दिवस ठेवा. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. जवळ पायलट ज्योत, हीटर, विजेचे बटण किंवा साधा पंखा असता कामा नये.

पायरी ५. वाफेचा वास गेल्यावर टाकी कोरड्या, उबदार, हवेशीर खोलीत ठेवा. ३० ते ३५ अंश पुरे. हीट गन, ओव्हन किंवा कडक ऊन नको. एक बाजू लवकर आकसते, दुसरी मागे राहते आणि टाकीला पीळ पडतो.

पायरी ६. दर आठवड्याला वजन करा. वजनकाटा इथे मापपट्टीपेक्षा जास्त सांगतो. चार किलोच्या टाकीने पाच टक्के द्रव शोषला असेल तर २०० ग्रॅम उतरायला हवेत. आठवड्याची घट १० ग्रॅमच्या आत आली की टाकी कोरडी धरा. रेणूंना भिंतीतून बाहेर पडायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे ३ मिलिमीटरच्या भिंतीला जेवढा वेळ लागतो त्याच्या जवळजवळ चौपट ६ मिलिमीटरच्या भिंतीला लागतो. काही आठवडे सहज जातात, जाड टाकीला दोन-तीन महिनेही.

टाकी बहुतेक आकारावर परत येते, पूर्ण येईलच असे नाही. बसवताना मागचे भोक कानशीने मिलिमीटर-दोन मिलिमीटर लांबट करणे आणि रुंद वायसर घालणे चालते. गाडीच्या सांगाड्याला हात लावू नका. बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून फट तपासा, आणि ब्रेक होज व केबल कुठे चेपत नाहीत ना ते पाहा.

कोरडी केलेली टाकी त्याच पेट्रोलवर पुन्हा फुगते. इथेनॉल नसलेले पेट्रोल मिळत असेल तर उत्तर तेच. नसेल तर आतून अस्तर लावण्याचा विचार करा.

अस्तर: फक्त नायलॉनला आणि फायबरग्लासला

अस्तर दोन घटकांच्या फेनॉल-नोव्होलॅक इपॉक्सीचे हवे. साधे इपॉक्सी इथेनॉलमध्ये मऊ पडते. पत्र्यासाठी मिळणारे एक घटकाचे सीलर प्लास्टिकवर तग धरत नाहीत.

टाकी पूर्ण कोरडी आणि आकसलेली असल्याशिवाय अस्तर लावू नका. भिंतीत राहिलेली ओल अस्तराला मागून ढकलते. फुगलेल्या टाकीवर लावले तर टाकी नंतर आकसते आणि अस्तर सुटते. कामाच्या बहुतेक फसगती या एका घाईतून होतात.

आत मूठभर टोकदार स्क्रू मोजून टाका आणि थोडे ॲसिटोन ओता. तोंडे बंद करून पंधरा मिनिटे टाकी सगळ्या बाजूंनी हलवा, म्हणजे पृष्ठभाग खरखरीत होतो. स्क्रू मोजून बाहेर काढा. ॲसिटोन बाहेरच्या रंगावर सांडले तर रंग गेलाच समजा, म्हणून बाहेरून प्लास्टिक गुंडाळा. एक दिवस वाळू द्या. आटे, पंपाच्या ओ-रिंगची बैठक आणि हवा जाण्याच्या नळ्या मेण किंवा ग्रीसने बंद करा. नळी बुजली तर चालत्या गाडीत टाकीत निर्वात तयार होतो आणि इंजिन बंद पडते.

१५ ते २० लिटरच्या टाकीला ३०० ते ४०० मिलिलिटर मिश्रण पुरते. प्रमाण डब्यावरचेच पाळा, अंदाजाने नको. मिसळल्यावर हातात बहुधा पंधरा-वीस मिनिटे असतात. सगळे एकदम ओतून टाकी सावकाश फिरवत राहा आणि तोंडातून विजेरी धरून कोरडी जागा राहिली नाही ना ते पाहा. उरलेले ओतून काढा, नाहीतर तळाला जाड डबके जमून पंपाची जाळी त्यात बसेल. बंद केलेल्या नळ्या मिश्रण घट्ट होण्याआधी मोकळ्या करा. पेट्रोल भरण्याआधी डब्यावर दिलेला पूर्ण वेळ थांबा. बोटाला कडक लागले म्हणजे पूर्ण पक्के झाले असे नसते.

अस्तर आतला शिरकाव बराच मंदावते. पण रंग नसलेल्या तळातून हवेतली ओल बाहेरून येतच राहते, तेव्हा मापे घेणे सोडू नका.

पॉलिथिलिनची टाकी

इथे गणित उलटे. पॉलिथिलिनमध्ये ध्रुवीय गट नसतात, त्यामुळे इथेनॉल त्यात फारसे शिरत नाही. पेट्रोलचे हायड्रोकार्बन मात्र शिरतात. ही टाकी इथेनॉल नसलेल्या पेट्रोलवरही दोन-तीन टक्के वाढते आणि ठरावीक आकारावर येऊन थांबते. इथेनॉलला दोष देऊन पेट्रोल बदलण्यात अर्थ नाही.

नवी टाकी लगेच घट्ट आवळू नका. पेट्रोल भरून गाडीबाहेर काही दिवस ठेवा, तिला वाढू द्या आणि मग बसवा. भोके लांबट ठेवा, रबरी बुश आणि रुंद वायसर वापरा. पितळी इन्सर्टमधले छोटे बोल्ट हाताने टेकवून मग टॉर्क पान्याने आवळा. एम५ ला ५ न्यूटन-मीटरच्या पुढे जाऊ नका. वाफ भिंतीतून झिरपते म्हणून स्टिकर फुगतात. सूक्ष्म छिद्रे असलेले स्टिकर लावा, साधे लावून सुईने टोचत बसू नका. या टाकीला इपॉक्सीचे अस्तर कधीच लावू नका. ते चिकटत नाही, पापुद्र्यांनी सुटते आणि पंपाची जाळी बुजवते. तडा गेलेली टाकी त्याच प्लास्टिकच्या कांडीने वेल्ड होते. क्रॉसलिंक केलेली (पीई-एक्स) असेल तर वेल्डही धरत नाही, तिथे टाकी बदला.

फायबरग्लासची टाकी

पॉलिएस्टर रेझिनच्या जुन्या टाक्यांत इथेनॉलचे पेट्रोल एकदाही भरू नका. रेझिन मऊ पडून विरघळते. ते द्रवात मिसळलेले असल्याने फिल्टर अडवू शकत नाही. इंजिनात ते इनटेक व्हॉल्व्हच्या दांड्यावर काळे, चिकट होऊन बसते, आणि थंड इंजिन चालू करताना व्हॉल्व्ह अडकतो. झाकण उघडून आतल्या भिंतीवर बोटाने दाबून पाहा. चिकट लागली किंवा धागे उघडे दिसले, तर टाकी रिकामी करा, इंजिन फिरवू नका आणि व्हॉल्व्ह तपासा. भिंत अजून कडक असेल तरच अस्तर लावण्यात अर्थ आहे.

रबर, नळ्या आणि बाटलीतली औषधे

टाकीबरोबर ओ-रिंगही बघा. साधे नायट्राइल रबर इथेनॉलमध्ये फुगते, आणि वाळले की आकसून तडकते. पंप आणि झाकणासाठी एफकेएम (फ्लोरोकार्बन रबर) जातीची ओ-रिंग घ्या. होजवर एसएई जे३०आर९ छापलेले पाहा. टाकीच्या आत बुडून राहणाऱ्या तुकड्यासाठी जे३०आर१०च हवा. आर९ची बाहेरची साल पेट्रोलमध्ये बुडण्यासाठी बनवलेली नसते आणि काही महिन्यांत मऊ पडते. पारदर्शक पॉलियुरेथेनच्या नळ्या पिवळ्या, कडक झाल्या की लगेच बदला.

'इथेनॉलपासून संरक्षण' असे लिहिलेली द्रव्ये पेट्रोल शिळे होणे लांबवतात, काही धातूला गंजापासून वाचवतात. पेट्रोलमधले इथेनॉल ती काढत नाहीत आणि नायलॉनचे फुगणे थांबवत नाहीत.

गाडी उभी ठेवताना

नायलॉनची टाकी: तीन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर पेट्रोल पूर्ण काढा, इंजिन लाइन रिकामी होईपर्यंत चालवा, वाफ जाईपर्यंत झाकण मोकळ्या हवेत उघडे ठेवा आणि मग टाकीत सिलिका जेलची मोठी पुडी दोरीला बांधून सोडा. दोरीचे टोक बाहेर ठेवा. निळ्या-गुलाबी रंगाची जेल असेल तर गुलाबी झाल्यावर बदला. पेट्रोल भरण्याआधी पुडी बाहेर काढण्याची आठवण देणारी चिठ्ठी किल्लीला अडकवून ठेवा.

पॉलिथिलिनची टाकी अर्धी भरून ठेवली तरी बिघडत नाही. फक्त पेट्रोल तीन महिन्यांच्या आत वापरून टाका. फायबरग्लासची टाकी नेहमी रिकामी ठेवा.